सड्यावरचं कुंपण

त्या राज्यात ऊन दरवर्षी थोडं वाढत होतं आणि त्यावर काय करायचं, हे ठिकाणांनीच ठरवायचं होतं. ज्यांच्याकडे पाहुणे येतात त्यांनी आधी सुधारावं, म्हणजे त्यांचं बघून बाकीचे सुधारतील, असा विचार निघाला आणि तो सगळ्यांना पटला.

सुधारणा मनापासून चालली होती. कासवांच्या विणीच्या दिवसांत किनाऱ्याने काजव्यांना दिवे मालवायला सांगितले. धबधब्याने थोड्याच पाहुण्यांना एका वेळी जवळ येऊ द्यायचं ठरवलं. तळ्याने पाण्यात कुणी खरकटं टाकू नये म्हणून बगळे पहाऱ्याला बसवले. वारा हे सगळं हिंडून बघे, इकडचं तिकडे सांगे आणि ज्याचं काम त्याला पसंत पडे त्याच्या खांद्यावर ढगाची शाल घाली. शाल मिळाली की त्या ठिकाणी पाहुण्यांची रीघ लागे.

डोंगरमाथ्यावर एक सडा होता. सडा म्हणजे नुसता सपाट कातळ आणि त्यावर बोटभर माती. पण पाऊस ओसरताना त्या बोटभर मातीत इतकी फुलं येत, की ती बघायला दूरदेशीची फुलपाखरं वाऱ्यावर बसून येत. एवढं असून सड्याला शाल अजून मिळाली नव्हती.

सड्याचा कारभार तेरड्याकडे होता. तो उंच होता, गुलाबी होता आणि लांबून दिसे; कारभाराला तेवढं पुरे होतं. त्याने सभा बोलावली आणि सड्याचं नुकसान कोण करतं, असा प्रश्न ठेवला. पाहुण्यांकडे बोट दाखवणं बरं दिसलं नसतं. तेव्हा सगळ्यांनी म्हशीकडे पाहिलं.

म्हैस पिढ्यान्‌पिढ्या सड्यावर चरत होती. तिच्या अंगाला चिखल असे, मागे माश्या असत आणि पाय कुठे पडतोय याची तिने कधी फिकीर केली नव्हती. तिच्या ढेकरांनी हवा तापते, असंही वाऱ्याने कुठूनसं ऐकून आणलं होतं. सभेत आसूही होती. सीतेची आसवं म्हणतात त्या निळ्या फुलांच्या कुळातली ही, पेराएवढी, कातळाला चिकटून राहणारी. गेल्याच मोसमात तिची बहीण म्हशीच्या खुराखाली गेली होती. हात वर करणाऱ्यांत ती पहिली होती.

म्हशीला सड्यावरून घालवायचा ठराव सांगायला तेरडा स्वतः गेला. म्हशीने रवंथ थांबवला नाही. माझ्या ढेकरांनी हवा तापते, तर पाहुणे ज्या वाऱ्यावर बसून येतात तो काय गार असतो, एवढं तिने विचारलं. तेरड्याने ठराव पुन्हा पहिल्यापासून सांगितला, तेव्हा ती उठली.

"तेरड्याचा रंग तीन दिवस," खुरांना सड्याचा चिखल घेऊन जाता जाता ती म्हणाली. "तुझा हुकूम किती दिवस टिकतो, बघू."

तिच्यामागे करवंदीच्या जाळीने सड्याभोवती काटेरी कुंपण धरलं. करवंदीला आजवर कुणी काही काम दिलं नव्हतं. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला, तुम्ही कोण, कुठले, असं विचारू लागली.

त्या वर्षी सडा असा फुलला की वारा थबकला. कुंपण बघून तर तो हरखलाच. ढगाची शाल सड्याच्या खांद्यावर आली, भाषणं झाली आणि तेरड्याला बोलताना भरून आलं. आसूही मनापासून फुलली. पाय पडेल ही धास्ती नव्हती, तिच्या बिया निवांत झडल्या.

पुढच्या वर्षी गवत आलं.

गवत पूर्वीही होतं, पण म्हैस असताना ते कुणाच्या नजरेत भरत नसे. आता ते वाढलं. ते फार नम्र होतं. सगळ्यांपुढे वाकायचं, कुणाशी वाद घालायचं नाही. "जरा सरकून घ्या ना, ताई," एवढंच म्हणायचं. आसू सरकली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसंच म्हणालं. सरकत सरकत आसू आणि तिच्या बहिणी कुंपणाच्या कडेला आल्या आणि तिथेही त्यांच्या डोक्यावर हिरवी सावली पसरली.

आसूच्या कुळाला सावली सोसत नाही. ऊन नाही तर कळी उमलत नाही, कळी उमलली नाही तर बी धरत नाही, आणि बी धरलं नाही तर पुढच्या वर्षी आसू नाही. तिने हे तेरड्याला सांगितलं. तो म्हणाला की वारा वरून बघून गेला आणि इतका हिरवा सडा आपण कुठे पाहिला नाही, असं म्हणाला. एकट्या-दुकट्याच्या गैरसोयीसाठी एवढं नाव घालवायचं का? पाहुण्यांनी विचारलं, निळी फुलं कुठे आहेत? यंदा ती विश्रांती घेत आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं.

तिसऱ्या वर्षी आसू एकटीच उगवली. आजूबाजूला तिने पुष्कळ हाका मारल्या, पण गवताच्या सळसळीशिवाय उत्तर आलं नाही. तिच्या डोक्यावर एकच कळी होती, घट्ट मिटलेली.

त्या दिवसांत कुंपणापलीकडून म्हशीच्या चरण्याचा आवाज येई. पूर्वी तो आवाज आला की आसू कातळाला आणखी चिकटून बसे. आता तिला आठवलं ते वेगळंच: तो आवाज पुढे सरकला की मागे नेहमी ऊन पडायचं.

"मावशी," तिने हाक मारली, "आत या."

म्हैस थांबली. आत कोण बोलतंय ते तिला दिसेना. "मला हाकललंत ना तुम्ही?"

"मीच आधी हात वर केला होता."

"मग आता तोंड वर करून बोलावतेस? मी पाय बघून टाकत नाही हं. तुडवली गेलीस तर बोंब मारायची नाही."

"पायाखाली गेले तर एकदाच जाईन," आसू म्हणाली. "इथे रोज जातेय."

करवंदी वाट देईना. ठराव झालेला आहे, तो मोडायचा तर सभा लागेल, म्हणाली. आसूने तेरड्याला हाक मारली. तो गवतात गळ्यापर्यंत बुडाला होता. यंदा एकाही पाहुण्याने त्याला ओळखलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याने वर, वारा कुठे आहे ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "करवंदी, जरा अंग चोर. कुणी विचारलं तर वाऱ्याने झालं म्हण."

म्हैस आत आली. तिला सड्याशी, ठरावाशी, आसूशी काही देणंघेणं नव्हतं. समोर कोवळं गवत होतं आणि तिला भूक होती. गवत तिच्यापुढेही वाकलं, जरा सरकून घ्या म्हणालं. तिने ते वाकलेलंच तोडलं. आसूने पुढचा खूर येताना पाहिला. तो पडला तेव्हा तिच्याखालचा चिखल घसरला आणि ती त्यासरशी खुराच्या खळग्यात गेली. वाकली, भिजली, पण मुळं सुटली नाहीत. खळग्यात पाणी झिरपलं. वर आभाळ मोकळं होतं. दुपारपर्यंत तिची कळी उमलली.

तेवढ्यात पाहुणे आले. सड्याच्या ऐन मध्यावर शेण आणि म्हैस बघून त्यांनी तोंडं वाकडी केली. एवढ्या लांबून आलो ते हे बघायला का, असं ते तेरड्याला विचारू लागले. तेरडा गवत चरून मोकळ्या झालेल्या बाजूला तोंड करून उभा राहिला. शेवटी एक पिवळं फुलपाखरू, तिला बाजूला व्हायला सांगावं म्हणून, म्हशीच्या शिंगावर जाऊन बसलं. पण ते सांगायचं राहूनच गेलं. तिथून त्याला खाली, खुराच्या खळग्यात, आसू दिसली. मग कुंपणाच्या फटीतून पलीकडची वाट दिसली, जिथून म्हैस रोज ये-जा करी: खुराचा एक खळगा आसूच्या कुळातल्या फुलांनी निळा, त्यापुढचा निळा, त्याच्या पुढचाही, आणि तशी ती निळी वाट उतारावरून खाली उतरून समोरच्या डोंगरावर चढली होती, जिथे म्हशीने ही वर्षं काढली होती.

म्हशीने कान हलवून फुलपाखरू उडवून लावलं आणि खाली मान घालून ती पुढचा घास तोडू लागली.