खोटं नाणं

फार पूर्वी कुंभवती नगरीत दृढकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व टांकसाळीतील नाणेपारखी म्हणून जन्मले होते.

राजाने नवा प्रासाद बांधायला काढला. खजिना अपुरा पडला, तेव्हा चांदीच्या नाण्यात गुपचूप निम्मे तांबे मिसळले जाऊ लागले. तीन वर्षांत सोन्याचा भाव दुप्पट झाला, मागोमाग तांदूळ आणि मीठही महागले. लोक कुरकुरू लागले. तेव्हा राजाने सुवर्णकारांचा प्रमुख मणिकंठ याला पकडले. ‘हाच सोनं दडवून भाव चढवतो,’ अशी दवंडी पिटली आणि त्याला सुळाची शिक्षा ठरवली. नाणे शुद्ध असल्याची साक्ष बोधिसत्त्वांनी द्यायची होती. त्याबद्दल त्यांना एक गाव इनाम मिळणार होते.

बोधिसत्त्वांना अन्न गोड लागेना. पत्नी म्हणाली, “त्या गावाचा वसूलही याच नाण्यात येईल ना? मग घ्यायचं काय त्यात? तुम्ही खरं तेच बोला.”

दरबारात बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, सोनं आहे तिथेच आहे. आपलं नाणं खाली घसरलं आहे.”

“जीभ आवर!” राजा गरजला. “मणिकंठाशेजारी तुझाही सूळ रोवीन.”

“रोवा. पण तांब्याला चांदी म्हणणार नाही. आधी एवढं करून पाहा. आपल्या वडिलांच्या काळची दहा नाणी आणि आजची दहा एखाद्या दासीबरोबर परगावच्या सोनाराकडे पाठवा.”

राजाने रागानेच दासी धाडली. ती परतली. जुन्या नाण्यांना पूर्वीइतकेच सोने मिळाले होते, नव्यांना त्याच्या निम्मे. दासी चाचरत म्हणाली, “महाराज, माझं वेतनही याच नाण्यांत मिळतं. पूर्वी त्यात महिना निघायचा. आता पंधरा दिवसांत मडकं रिकामं होतं.”

 राजाने स्वतः मणिकंठाच्या बेड्या काढल्या. प्रासाद अर्धवट राहिला. त्यासाठी जमवलेली चांदी टांकसाळीत गेली आणि खोटी नाणी परत घेऊन खरी पाडण्यात आली. भाव उतरायला दोन वर्षे लागली. दरम्यान ज्यांनी घरचे किडूकमिडूक विकले होते, त्यांना ते परत मिळाले नाही. हे आपल्या खोट्या नाण्यामुळे झाले, ही गोष्ट राजाने कधी लपवली नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू सोमिल, मणिकंठ म्हणजे उपासक वप्रक, ती पत्नी म्हणजे भिक्षुणी सुव्रता, आणि नाणेपारखी मीच होतो. सूळ समोर असतानाही सत्यावरून न ढळणे, हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता.”