गिऱ्हाइकाची भाषा

परदेशी बिझनेस स्कूलचे प्रतिनिधी वैशंपायनसाहेब जन्माने पुणेकर, पण मराठी म्हणे त्यांना आता जमत नसे. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याची लेक रेवती आरवाडे मुलाखतीला आली, तेव्हा तिला बसाही न म्हणता त्यांनी तिचा इंग्रजी परीक्षेचा निकाल दोन बोटांत उचलला. अर्ध्या गुणासाठी प्रवेश अडला होता.

“असल्या भाषेवर धंदा शिकणार?” ते इंग्रजीत गुरकावले.

रेवतीने सरळ मराठीतच विचारलं, “साहेब, आमच्या बाजारात माल विकणारा गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. आमचे अण्णा त्यापायी तमिळ शिकले. इथे जागा तुम्ही विकताय, फी मी भरणार. मग परीक्षा कुणी द्यायची?”

साहेबांनी निकाल हळूच खाली ठेवला.

“बसा ना ताई,” ते अस्खलित मराठीत म्हणाले, “चहा सांगू?”