शेठच्या गाडीत चिरा

खानविलकरशेठच्या दुकानात गाड्यांवर कोटिंगचा फवारा कमी आणि शेठच्या बढायांचा जास्त! जांभ्याचे चिरे वाहून वैजयंती मांडवकरच्या पिकअपचा हौदा सोलून निघाला होता. गंज चढायच्या आत जाड कोटिंग मारून घ्यावं म्हणून ती तिथे गेली, तर शेठ पातळ, चकचकीत कोटिंगच तिच्या गळ्यात मारू लागला.

"चिऱ्यांखाली हे टिकेल?" तिने विचारलं.

शेठ इतर गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "वहिनी, फोडणी कसली द्यायची ते तुम्ही ठरवा, कोटिंगचं आम्हाला कळतं. माझ्या स्वतःच्या नव्या पिकअपलाही हेच मारलंय. ओरखडा उठला तर दुकानाला कुलूप ठोकीन!"

"असं?" वैजयंतीने पदर खोचला, आपल्या गाडीतला एक चिरा डोक्यावर घेतला आणि तरातरा शेठच्या पिकअपकडे निघाली.

शेठ धावत आडवा आला. "अहो, नको! नवी गाडी आहे, खरवडून निघेल!"

दुकानात हशा पिकला. वैजयंतीने चिरा परत आपल्या गाडीत ठेवला.

"आता जाड कोटिंग काढा, शेठ. आणि कुलूप दुकानाला नको, तोंडाला लावलंत तरी पुरे."