भिडूपट्टी

एका रुंद नदीच्या अलीकडच्या काठावर एक कातारी राहत होता. लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवायचे, हा त्याचा धंदा. पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्यावरची पाखरे असे काही ना काही त्याच्या हातून रोज घडे आणि खपे. माणूस कष्टाळू होता, थोडा मानीही होता. त्याला एकच लेक, येसू. ती पलीकडच्या काठावरच्या गावात दिली होती.

लेक सासरी गेली आणि कातारी हळवा झाला. नदीला नाव होती, पण हा कामातून उठणार कधी आणि सासरचे लेकीला धाडणार कधी? मग त्याने एक युक्ती केली. सारखे दोन पट शिवून घेतले, सारख्या सोंगट्या कातल्या आणि खेळ इतका सोपा केला, की ज्याची त्याची एकच सोंगटी. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके दान. दोन्ही घाटांवर दोन-दोन उंच काठ्या रोवून मध्ये दोरी बांधली. दोरीवर आपल्या रंगाचे निशाण चढवायचे आणि दानाइतक्या चिंध्या त्याखाली सोडायच्या. एका जोडीचा एक रंग; येसूचा आणि त्याचा पिवळा.

"रोज एक दान टाकत जा," तो तिला म्हणाला होता. "पिवळं दिसलं, की मी समजेन, माझी येसू बरी आहे."

दोऱ्या कातारी विकत घ्यायला निघाला होता, पण गावातल्या दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. "लेकीसाठी बांधतोयस ना? मग ने," एवढेच तो म्हणाला.

सकाळी अलीकडून निशाण चढे, दुपारी पलीकडून उत्तर येई. गावाने आधी नाक मुरडले, मग मान वर केली आणि मग जो तो कातार्‍याच्या दारात पट मागायला उभा राहिला. कुणाची बहीण पलीकडे होती, कुणाचा मामा. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याचा थोरला भाऊ तिकडे होता, तर त्या दोघांनी हिरवा रंग घेतला आणि साठी उलटलेले दोन भाऊ पोरांसारखे भांडत खेळू लागले. कुणी कुणाच्या कवड्या पाहू शकत नसे. तरी खोटे दान कुणी चढवले, असे कधी कानावर आले नाही.

वर्षभरात दोन्ही काठांवर घराघरात पट झाला. मग विक्री थंडावली. पट काही दर महिन्याला फाटत नाही.

त्याच सुमाराला एक फिरता व्यापारी गावात उतरला. घाटावरची रंगीबेरंगी दोरी त्याने बराच वेळ पाहिली आणि तो कातार्‍याच्या ओसरीवर येऊन बसला.

"पट एकदा विकलास, की संपलं," तो म्हणाला. "पण खेळतात ते रोज. आणि एकट्याने नाही खेळता येत. समोर भिडू लागतो. त्या भिडूवर पट्टी लाव."

"भिडूवर पट्टी?" कातारी हसला. "घरपट्टी असते, पाणीपट्टी असते."

"तर मग भिडूपट्टी. महिन्याला पायलीभर जोंधळे. दोन्ही घाटांना कुंपण घाल, राखणदार ठेव. पट्टी भरली नाही त्याच्या निशाणाच्या जागी काळी चिंधी लटकव. समोरच्याच्या जिवाला घोर लागला, की कुठून ना कुठून जोंधळे येतात."

शेवटचे वाक्य कातार्‍याच्या कानाला टोचले. त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. पायल्यांची रास डोळ्यांपुढे उभी राहिली, की कान असेच मऊ होतात. पाडव्याला त्याने दवंडी पिटवली.

लोक कुरकुरले. दोर वळणारा म्हातारा तेवढा घरी आला. "पट आम्ही विकत घेतलाय, बाबा. दोर माझा आहे. भाऊ तर माझा आहेच. मग पट्टी कशाची?"

 कातारी म्हणाला, "काका, नियम सगळ्यांना सारखा. माझ्या लेकीचीसुद्धा पायली मी भरतो." आणि खरेच, दर महिन्याला तो येसूच्या नावाची पायली नावेतून पलीकडच्या राखणदाराकडे धाडत असे. या गोष्टीचा त्याला अभिमान वाटे. म्हातारा निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने पायली आणून ओतली.

आषाढात नदी फुगली आणि नाव बंद झाली. ती आता भादव्याशिवाय सुटायची नव्हती. पाण्याचा असा आवाज, की घाटावरून मारलेली हाक पायरीवरच विरून जाई.

नाव बंद झाल्यावर आठ दिवसांनी पलीकडच्या दोरीवर हिरव्याच्या जागी काळी चिंधी दिसली. म्हातारा धापा टाकत कातार्‍याकडे आला.

"भावाचं निशाण गेलं. काळं आलंय. तो बरा असेल ना?"

कातारी लाटण्याला लाख लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पट्टी भरली नसेल."

"तो नाही चुकवायचा. खेळाशिवाय जेवण जात नाही त्याला."

"नसेल भरली, काका. घरात चणचण असेल. काही काळजी करू नका."

"एक दिवस कुंपण उघडायला लाव तिकडं. एकदा निशाण दिसू दे. मग घाल परत."

"तिकडं सांगू कसं? नाव बंद आहे." खरे तर सांगण्याची वाट शोधावी, असे कातार्‍याला वाटलेच नव्हते. म्हातारा तळहात चोळत परत फिरला. त्यानंतर रोज दुपारी तो घाटावर जाऊन बसू लागला.

श्रावण लागला. येसूला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, पाणी ओसरले की तिला आणायचे, असे ठरले होते. तिच्या आईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. कातार्‍याने पाळण्यावरचे राघू कातायला घेतले होते.

एके दुपारी तो घाटावर गेला, तर पिवळे नव्हते. त्या जागी काळी चिंधी होती.

 तो धावत घरी आला. बायको तांदूळ निवडत होती.

"येसूचं काळं आलंय," तो म्हणाला.

बायकोने सूप खाली ठेवले. मग ती सावकाश म्हणाली, "नाव बंद आहे. तुमची पायली कुठं गेली या महिन्यात? पट्टी भरली नसेल."

"हो. नसेल भरली," तो म्हणाला. हे आपल्या ध्यानात कसे आले नाही, असे म्हणत त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. त्याला हायसे वाटले. ते हायसे वाटणे पाणी पिऊन तांब्या खाली ठेवीपर्यंत टिकले.

नसेल भरली. पण का नसेल? तिच्या सासूने पायलीभर जोंधळे खेळावर उधळायचे नाकारले असतील. की येसूला घाटापर्यंत चालवत नसेल? की ती आजारी असेल? की आजारपणही मागे पडले असेल? पट्टी थकलेल्या घराला काळी चिंधी होती. माणूस गेलेल्या घरातूनही पायली येणार नाही, आणि राखणदार तिथेही हीच चिंधी लावणार. दोन्हींत फरक करणारी खूण कातार्‍याने केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने निशाण चढवले आणि पलीकडे पाहत बसला. काळी चिंधी हलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सहाच्या सहा चिंध्या सोडल्या, जणू मोठे दान पाहून तरी ती येईल. चौथ्या दिवशी त्याला घास जाईना. कामावर बसला, की नजर नदीकडे जाई. दोन राघूंच्या चोची त्याच दिवशी मोडल्या. बायको दर थोड्या वेळाने दारात येऊन नदीकडे बघे, आणि त्याला ते जड जाई.

पाचव्या दिवशी दुपारी घाटावर त्याच्या शेजारी दोर वळणारा म्हातारा बसलेला होता. कातार्‍याला एकदम कळले, की हा माणूस असा महिनाभर बसतो आहे. आपण त्याच्या हातावर एक 'नसेल' ठेवले आणि लाटणी रंगवत बसलो. त्या 'नसेल'वर पाच दिवस काढताना आपला जीव जायची वेळ आली. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तिच्यापेक्षा भीती अधिक वाटली.

"काका," तो म्हणाला, "पलीकडं 'पट्टी माफ' हे कसं सांगू? त्याची खूण नाही."

म्हाताऱ्याने अलीकडच्या दोरीकडे बोट केले. "खूण कशाला हवी? इकडची पट्टी उठव आणि सगळ्यांना चढवू दे. तिकडच्यांना डोळे आहेत."

कातार्‍याने त्याच पावली कोयता आणला आणि कुंपणाचे काटे स्वतःच्या हाताने तोडले. राखणदाराला घरी पाठवले. मग गावात दारोदार फिरला. ज्यांच्या पट्ट्या थकल्या होत्या, ज्यांनी कंटाळून पट गुंडाळून ठेवले होते, त्या सगळ्यांना सांगितले, "निशाण आणा. काही भरायचं नाही. माझं चुकलं." काहींनी तोंडावर टोमणे मारले. ते त्याने ऐकून घेतले आणि पुढचे दार गाठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी रंगांनी वाकली. कित्येक महिन्यांत न दिसलेले जांभळे, तांबडे, करडे, सगळे वाऱ्यावर फडफडत होते. शेवटी म्हाताऱ्याने आपले हिरवे चढवले.

पलीकडच्या घाटावर माणसे गोळा होऊ लागली. ठिपक्यांएवढी दिसत होती. त्यांनी हात केले, राखणदाराभोवती कोंडाळे झाले. बराच वेळ काही घडले नाही. मग कुंपण हलले आणि आडवे झाले. एक काळी चिंधी उतरली. दुसरी उतरली. तांबडे चढले, करडे चढले. कातार्‍याची बायको त्याच्या दंडाला घट्ट धरून उभी होती.

मग पिवळे चढले. त्याखाली तीन चिंध्या.

"तीन," कातारी म्हणाला. "तीन पडलं तिचं." आणि तो ओल्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडू लागला.

दुपार कलली. लोक हसत-बोलत घरी गेले. डोळे पुसून कातारी उठला, तेव्हा म्हातारा अजून तिथेच होता. पलीकडच्या दोरीवर सगळे रंग होते, फक्त हिरवे नव्हते.

कातारी त्याच्याजवळ गेला. 

"आता तर पट्टीही नाही," म्हातारा म्हणाला.

भादव्यात नाव सुटली. पहिल्याच फेरीला येसू आली, पोट सांभाळत, घाटावर उभ्या आईचा हात धरून उतरली. सासूने जोंधळे दिले नव्हते, एवढेच झाले होते. "मी रोज घाटावर जात होते, आबा," ती म्हणाली. "तुमचं निशाण बघून घरी जायची. बघायला पट्टी लागत नव्हती."

त्याच नावेतून एक निरोपही आला. म्हाताऱ्याचा भाऊ आषाढातच गेला होता, हिरव्याच्या जागी काळे लागले त्याच्या आदल्या दिवशी, पट्टी भरायची वेळ आली तेव्हाच. त्याचे दिवस झाले, तेरावा झाला, आणि इकडे त्याचा धाकटा भाऊ त्याच्या दानाची वाट बघत बसला होता. म्हाताऱ्याने कातार्‍याला दोष दिला नाही. दिला असता, तर कातार्‍याला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवसापासून कातारी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कवड्या घेऊन म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसू लागला. बरेच दिवस म्हाताऱ्याने पट उघडला नाही. कातारी थोडा वेळ थांबे आणि उठून जाई. येसूला मुलगी झाली, बारसे झाले, तरी त्याने जाणे सोडले नाही. एका सकाळी म्हाताऱ्याने वळता दोर बाजूला ठेवला, पट अंथरला आणि हिरवी सोंगटी आपल्या बाजूला मांडली.

"टाक," तो म्हणाला.

तात्पर्य इतकेच: पट विकावा, सोंगट्या विकाव्यात, समोर बसणारा माणूस मात्र आपण घडवलेला नसतो, त्याच्यावर पट्टी बसवू नये.