मोहरची पाठ

"पण खाला, तुमच्या हातात आता जोर कुठे उरलाय? तरी घोडी तुमच्यापुढेच मान का खाली घालते?"

जैतुनखाला तळहाताला तेल चोळत बसली होती. घोड्यांच्या आखडलेल्या पाठी नुसत्या हाताने मोकळ्या करणारी ही म्हातारी तापीकाठच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होती. हल्ली मात्र तिची बोटे थरथरत.

विचारणारा भिकन तिचा शिष्य. तालमीत पैलवानांची अंगे रगडून तिच्याकडे आलेला. आपण गुरूच्या पुढे गेलो, असे त्याला अलीकडे मनोमन वाटू लागले होते.

समोर ती घोडी, मोहर, उभी होती. खोगीर नुसते दिसले तरी अंग चोरायची. तिचे मालक नरसिंगराव सकाळीच सांगून मोकळे झाले होते, की आज पाठ सुटली तर ठीक, नाहीतर वरातीत नाचवणाऱ्याला देऊन टाकतो.

त्या दुखऱ्या पाठीवर नवरदेव, आणि पुढे ढोल...

म्हणून तर भिकनने तिची पाठ रगडताना सगळे बळ पणाला लावले. घोडीने लाथा झाडल्या, एवढेच.

खाला उठली. त्याचा हात धरून तिने मोहरच्या दुखऱ्या जागेवर ठेवला.

"दाब."

त्याने दाबले. पाठ हाताखालून खाली पळाली.

"आता तिला दाबू दे."

भिकनला काही कळेना. विचारायचा धीरही होईना. तो हात नुसता टेकवून उभा राहिला. खांदा भरून आला. कडेला उभे असलेले नरसिंगराव चुळबुळ करू लागले. हात काढून घ्यावा, असे मनात येऊन गेले...

आणि पाठ हळूच वर आली. तळहाताला टेकली, मग रेलली. आत कुठेतरी बारीकसे कट् झाले. मोहरने लांब श्वास सोडला आणि मान खाली घातली.

नरसिंगराव खोगीर घेऊन जवळ आले. तिने फक्त कान हलवला.

भिकनचे डोळे भरून आले होते. तो तसाच उभा होता. त्याने हलक्या आवाजात विचारले,

"खाला, आता हात काढू?"

"मला काय विचारतोस?"