सहा हजार घोडे आणि मूठभर वाळू

इंजिनं बोलत असत, त्या काळातली गोष्ट. आमच्या परसामागेच रेल्वेचा कारखाना होता, म्हणून मला सगळं ठाऊक.

तिथे साहेबांनी एकाच अंगात दोन डिझेल यंत्रं बसवून नवं इंजिन घडवलं. ताकद सहा हजार घोड्यांची! नाव ठेवलं गजराज. चाचणीत चाळीस डबे ओढले तर ठेवायचं, नाहीतर भंगारात काढायचं, असं ठरलं.

चाकांपुढची वाळूची पेटी म्हणाली, "दादा, मला भरून घ्या हो. रूळ निसरडा झाला तर वाळूच चाकांना पकड देते."

"वाळू म्हाताऱ्यांना लागते!" गजराज गुरगुरला. पेटी रिकामीच राहिली.

चाचणीच्या सकाळी पूजा झाली. हौसेनं पाच नारळ थेट रुळावरच फोडले. गजराजानं जोर लावला, तशी ओल्या रुळावर चाकं गरगर फिरली. आणखी जोर, आणखी गरगर! पण गजराज जागचा हलेना. साहेबांचा चेहरा पडला.

शेजारच्या रुळावर ठकूबाई हे डबे ढकलणारं जुनं इंजिन उभं होतं. ती म्हणाली, "काय रे, जागच्या जागी फुगडी घालतोस?"

"आत्या, हसू नका. मला कापतील हो!"

"मग माग की वाळू."

गजराज हळूच म्हणाला, "द्या मूठभर."

ड्रायव्हरनं ठकूबाईच्या पेटीतली वाळू रुळावर टाकली. चाकांनी रूळ धरला आणि चाळीस डबे मुकाट त्याच्यामागे निघाले.

परतल्यावर साहेब खुशीत म्हणाले, "आणखी दोन हजार घोडे बसवू का?"

"नको साहेब," गजराज म्हणाला, "पेटी तेवढी मोठी बसवा. आणि नारळ जरा लांब फोडा."