डाव्या हाताचा आशीर्वाद

एका संस्थानात एक राजा होता. त्याला चित्रांचा भारी नाद. त्याच्या दिवाणखान्यात सातासमुद्रापलीकडून आणलेलं एक फार जुनं चित्र होतं. मेरी मातेच्या मांडीवर बाळ येशू, आणि त्या बाळानं उजवा हात उचलून आशीर्वाद दिलेला. चित्र असं, की बघणारा न सांगता चपला काढायचा.

राजाला वाटलं, एवढी चांगली वस्तू आपण एकट्यानंच काय बघायची? तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून घ्यावं, शाई लावून कागदावर छापावं आणि दसऱ्याला शेजारच्या राजांना धाडावं. काम दिलं सुभानजी तांबटाला. भांड्यांवर नावं घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावातल्या निम्म्या सुनांची नावं त्यानंच कोरलेली.

सुभानजीनं वर्षभर डोळे फोडले. मातेच्या पदराची चुणी न चुणी उतरवली. बाळाकडं बघून बघून ते त्याला घरातलंच वाटायला लागलं. दिवाणजींनी वरवर बघून मान डोलावली. कागद छापले, वाटले. मोठ्यांची कामं अशीच होतात.

मग निरोप आला, शेजारचा राजा मूळ चित्र बघायला येतोय. तेव्हा कुठं दिवाणजींनी कागद चित्राशेजारी धरला आणि त्यांना घाम फुटला. कागदावरचं बाळ डाव्या हातानं आशीर्वाद देत होतं.

झालं होतं असं. भांड्यावरचं नाव सरळ कोरायचं, सरळ वाचायचं. छापताना मात्र उजव्याचं डावं होतं, म्हणून छापायचा पत्रा उलटा कोरावा लागतो. सुभानजीनं हाताच्या सवयीनं सरळ कोरला.

दिवाणजींनी त्याला बोलावून घेतलं. सोबत दरबारचा चितारी, रंग कालवून तयार.

"वाटलेले कागद परत मागता येत नाहीत," दिवाणजी म्हणाले. "चित्रातलाच हात फिरवून घेऊ. तू तोंड मिटून बस. राजाला कळलं तर तुझी कोरणी कायमची जाईल."

"आणि तुमची पगडी?"

"म्हणून तर म्हणतो, गप्प बस."

चितारी पुढं झाला. सुभानजी चित्राला पाठ लावून उभा राहिला.

"रंग लावायचा तर माझ्या तोंडाला लावा. चूक माझी आहे. त्या लेकराचा हात कशाला मोडता?"

आरडाओरडा ऐकून राजा आला, मागोमाग त्याची आई. राजानं कागद बघितला आणि त्याचं तोंड उतरलं.

"सुभानजी, चार राज्यं आपल्याला हसतील."

"मला हसतील, महाराज. मी हसून घेईन. पण चित्र पुसलं तर परत कोण काढणार?"

तेवढ्यात म्हाताऱ्या आईसाहेबांनी कागद ओढून घेतला. आईसाहेब डावखुऱ्या. सगळ्यांना ठाऊक, पण बोलायची छाती कुणाची?

"डाव्या हातानं घास उचलला की आमची आजी उलथनं हाणायची," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा एक देव आमच्या बाजूचा निघाला. हा आमच्या देवघरात लावा."

राजाला जे हसू फुटलं ते आवरेना. चितारीही हसला. दिवाणजींना हसावं लागलं.

पाहुणा आला तेव्हा राजानंच सांगून टाकलं, "तुमच्याकडचा कागद उलटा आहे. आमच्या तांबटाची चूक, आणि न बघता वाटला ही आमची. सुलटा छापला की धाडतो."

पाहुणा म्हणाला, "धाडा. पण उलटा मी देत नाही. आमच्या राणीसाहेबही डावखुऱ्याच आहेत."

सुभानजीनं दुसरा पत्रा घेतला, चित्रासमोर आरसा ठेवला आणि आरशात बघून कोरायला बसला. कोरणी त्याच्याच हातात राहिली. चित्रातल्या बाळाचा हातही होता तिथंच राहिला.

तात्पर्य: चूक कबूल केली तर तेवढी एकच दुरुस्त करावी लागते, झाकायला गेलं तर जे बरोबर आहे तेही बिघडवावं लागतं.